गेट साडेसातला बंद होतं : 'ड्रॅगन एज २' खेळून झाल्यावर

मी गेम खेळणारी बाई नव्हते. सोलापुरात मुलींच्या एका वसतिगृहावर एकोणीस वर्षं रेक्टर आहे. कॉम्प्युटरशी माझा संबंध म्हणजे मेसची बिलं आणि हजेरीचा तक्ता, बस. गेल्या दिवाळीत मुली गावाला गेल्या, मेस बंद झाली, साठ खोल्यांना कुलपं, खाली वॉचमनमामांचा रेडिओ आणि वर मी. पुण्याहून भाचा आला होता. त्याने आपला जुना लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला, एक गेम टाकून दिला आणि म्हणाला, "मावशी, खेळ. हा तुझ्या नोकरीवरच आहे." मला वाटलं टवाळी करतोय. चार रात्रींनी मीच त्याला फोन केला आणि विचारलं, हे लिहिणाऱ्यांपैकी कुणी हॉस्टेलवर राहिलं होतं का रे?

गेम जुना आहे, मार्च २०११ चा. कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीने केलेला. पहिला भाग २००९ मध्ये आला, त्याचं फार कौतुक झालं आणि हा दुसरा भाग घाईघाईत उरकला गेला. ती घाई दिसते, त्यावर पुढे बोलेनच. पण आधी त्यातलं राजकारण. मी त्यासाठीच दोनदा खेळले, आणि बहुतेक लोक हा गेम तलवारबाजीसाठी घेऊन नंतर नावं ठेवतात.

थेडास नावाचं जग आहे. तिथे जादू शिकून येत नाही, जन्मानेच येते. एखादं पोर सात-आठ वर्षांचं झालं की एके दिवशी त्याच्या हातून गोठ्याला आग लागते आणि घरच्यांना कळतं. अशा माणसाला झोपेत राक्षस गाठतात, सौदा करायला बघतात. माणूस भुलला तर राक्षस अंगात शिरतो आणि मग समोर येईल त्याला फाडतो. म्हणून चॅन्ट्री नावाच्या धर्मपीठाने ठरवलं, की जादूवाल्यांना लहानपणीच उचलून 'सर्कल'मध्ये ठेवायचं. सर्कल म्हणजे बंद मनोरा, आत शिक्षण, बाहेर पहारा. पहारेकरी म्हणजे टेम्पलर. आत आलेल्या प्रत्येकाचं थोडं रक्त काढून कुपीत ठेवतात. पळून गेला तर त्या कुपीवरून माग काढतात. मोठं झाल्यावर एक परीक्षा असते, 'हॅरोइंग'. मुद्दाम राक्षसासमोर सोडतात आणि टेम्पलर तलवार उपसून उभे राहतात. नापास झालात तर तिथेच मान उडवायची. ज्यांना ती परीक्षा द्यायची नाही किंवा ज्यांच्यावर वरिष्ठांचा भरवसा नाही, त्यांना 'ट्रँक्विल' करतात. कपाळावर सूर्याचा डाग देतात, जादू जाते, स्वप्नं जातात आणि त्यांच्याबरोबर राग, प्रेम, रडू, सगळंच जातं. मागे उरतो तो एकसुरी आवाजात हिशोब सांगणारा माणूस. सर्कलच्या अंगणात असे ट्रँक्विल दुकान मांडून बसतात. पहिल्यांदा मी त्यातल्या एकाकडून वस्तू घेतली, त्याने नम्रपणे भाव सांगितला, आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण त्या नम्रपणाचं कौतुक माझ्याच तोंडून कितीदा निघालंय. "अमुक मुलगी बघा, कधी लेट पास मागत नाही, कधी तक्रार नाही."

आता कुणी म्हणेल, हे सरळसरळ अन्यायाचं रूपक आहे, त्यात विचार करण्यासारखं काय? गंमत तीच आहे. आपल्या राज्यात डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला, तो जादू नसते आणि तिच्या नावाने लोकांना नाडलं जातं म्हणून. थेडासमध्ये जादू खरी आहे. भीतीही खरी आहे. तिथे अंनिसचा कार्यकर्ता नेलात तर बिचाऱ्याचा पहिल्याच व्याख्यानात निकाल लागेल. उत्तरेकडे टेव्हिंटर नावाचं साम्राज्य आहे, तिथे जादूवालेच राज्य करतात, आणि ते इतरांना गुलाम करून विकतात. म्हणजे मोकळं सोडलं तर काय होतं याचं उदाहरण शेजारीच आहे. दुसऱ्या टोकाला कुनारी नावाचे लोक. ते आपल्या जादूवाल्यांचे ओठ शिवतात, गळ्यात साखळी घालतात आणि एक माणूस कायमचा पहाऱ्याला देतात. या दोन टोकांच्या मध्ये सर्कल आहे, आणि सर्कलवाले म्हणतात, आम्ही त्यातल्या त्यात बरे. मीटिंगमध्ये आमचे संस्थावालेही नेमकं हेच म्हणतात.

कथा घडते कर्कवॉल या बंदराच्या शहरात. पूर्वी ते टेव्हिंटरचं गुलामांचं शहर होतं. बंदरात शिरताना दोन्ही बाजूंना तोंड झाकून रडणाऱ्या गुलामांचे अजस्र पुतळे दिसतात, ते कुणी काढलेले नाहीत. गुलामांना ठेवायचा तुरुंग होता 'गॅलोज', पाण्यात बेटावर. आता तिथेच सर्कल भरतं. इमारत तीच, गज तेच, फक्त पाटी बदलली. आपण असतो हॉक, युद्धातून पळून आलेलं निर्वासित कुटुंब. आई, एक भावंड, आणि सगळं घर जुगारात घालवून बसलेला मामा. शहरात शिरायलासुद्धा एक वर्ष कुणाची तरी चाकरी करावी लागते. मग तीन अंकांत सात वर्षं सरतात. सगळी हकिगत व्हॅरिक नावाचा एक बुटका गोष्टीवेल्हाळ माणूस चौकशीला आलेल्या बाईला सांगत असतो, आणि अधूनमधून थापा मारतो. त्याच्यासाठी एरवीही पैसे वसूल झाले असते.

दोन प्रकारे खेळता येतं. तुम्ही स्वतः जादूवाल्या झालात तर धाकटी बहीण बेथनी सुरुवातीलाच मरते आणि भाऊ कार्व्हर उरतो. तुम्ही साध्या राहिलात तर भाऊ मरतो आणि बेथनी उरते, आणि ती जादूवाली. मी पहिल्यांदा साधी राहिले. हातात दोन सुऱ्या, अंगात जादू नाही. घरात मात्र एक लपवायची मुलगी.

त्या लपवण्याचं वर्णन गेम कुठेच भाषण करून देत नाही. ते कामातून येतं. पहिल्या अंकात एका मोहिमेत भागी घ्यायला पन्नास सुवर्णमुद्रा जमवायच्या असतात. कशासाठी, तर श्रीमंत झालो की टेम्पलर आपल्या दाराशी यायला बिचकतील. घर वरच्या वस्तीत, नाव मोठं, ओळखी वर. म्हणजे कायदा बदलायचा नाही, आपण कायद्याच्या आवाक्याबाहेर जायचं. मोहिमेला निघताना आई म्हणते, धाकटीला नेऊ नकोस. मी ऐकलं. परत आले तर टेम्पलर घरात उभे. बेथनी आरडाओरडा करत नाही. जाते. मी बटणं दाबत बसले, काही होत नाही. तिथे लढायचा पर्यायच दिलेला नाही. पन्नास मुद्रांच्या बदल्यात आता लाखो आहेत, पण एका दिवसाचा उशीर झाला.

इथे मी लॅपटॉप मिटला आणि खाली जाऊन चहा केला. एका वर्षी जूनमध्ये आमच्याकडे एका पुढाऱ्याची भाची आली होती. वरून फोन आला, तिला वेळेचं बंधन नको, ती क्लासला जाते. त्याच आठवड्यात बार्शीकडची एक मुलगी क्लासवरूनच वीस मिनिटं उशिरा आली म्हणून मी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. वडील एसटीने आले, उभ्यानेच माफी मागितली, त्यांना बसा म्हणायचं माझ्या लक्षात आलं नाही.

मेरेडिथबद्दल सांगते. ती टेम्पलरांची मुख्य. फिकट सोनेरी केस, कडक आवाज. पहिल्या दोन अंकांत ती जवळजवळ दिसतच नाही, फक्त तिचे नियम दिसतात. दुसऱ्या अंकाच्या शेवटी शहराचा प्रमुख मारला जातो आणि त्याच्या जागी ती कुणाला बसूच देत नाही. शहर तीच चालवते. रात्रीचे छापे, घराघरात झडती. तिसऱ्या अंकात तिला विचारलं तर ती तिच्या बहिणीची गोष्ट सांगते. बहीण जादूवाली होती. आईवडिलांनी ती सर्कलला दिली नाही, घरातच लपवली, कारण ती भित्री होती, मनोऱ्यात टिकली नसती. एके दिवशी राक्षस अंगात आला. टेम्पलर येईपर्यंत सत्तर माणसं मेली होती, घरचे पहिल्यांदा.

मी ही गोष्ट ऐकली आणि बेथनीला लपवणारी मी, तिच्यासमोर गप्प. कारण मेरेडिथच्या आईवडिलांनी जे केलं तेच मी केलं होतं, फक्त माझी बहीण घसरली नाही. आणि या बाईचं मला कळतं. आमच्याकडे एका साली एक मुलगी रात्री बाहेर राहिली आणि तिचा अपघात झाला. वाचली, पण सहा महिने अंथरुणावर. तिची आई माझ्या खोलीत बसून रडली ते मी विसरणार नाही. पुढच्या महिन्यात गेट साडेआठचं साडेसात झालं, मोबाइल रात्री दहाला ऑफिसात जमा, रविवारचं आउटिंग पालकांच्या सहीशिवाय बंद. सर्क्युलर मीच लिहिलं, माझ्याच अक्षरात. त्या एका रात्रीवरून पुढच्या हजारो रात्रींचे नियम ठरले. आजच्या मुलींना ती मुलगी कोण ते माहीतही नाही, गेट मात्र साडेसातला बंद होतं.

गेमची खरी ताकद अशा बारीक जागांत आहे. सॅमसन नावाचा एक माणूस खालच्या वस्तीत भीक मागताना दिसतो. पूर्वी टेम्पलर होता. सर्कलमधल्या एका जादूवाल्याच्या चिठ्ठ्या त्याच्या प्रेयसीला पोचवल्या म्हणून हाकलला. आता त्याला लिरियम हवंय. ही टेम्पलरांना धर्मपीठाकडून मिळणारी निळी पूड, तिच्याने जादू थोपवता येते आणि व्यसनही लागतं. म्हणजे पहारेकरीसुद्धा दोरीला बांधलेले, दोरीचं टोक चॅन्ट्रीच्या हातात. नोकरी गेली की पूड बंद, मग बंदरावर लाचार. सॅमसनशी बोलणं दोन मिनिटांचं आहे, पुष्कळ लोक त्याच्यावरून सरळ निघून जातात. मी थांबले. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मीही चिठ्ठ्या पकडल्यात. उघडून वाचल्यात. एका शिपायाची बदलीही झाली होती.

आणि फेनरिस. टेव्हिंटरमधून पळालेला गुलाम, त्याच्या मालकाने त्याच्या कातडीत लिरियम कोरलेलं. त्याला जादूवाल्यांचा तिटकारा आहे आणि तो का, हे त्याच्या अंगावर लिहिलंय. त्याच्या शेजारी चालतो अँडर्स, सर्कलमधून पुन्हापुन्हा पळालेला, आता गटारांच्या वस्तीत फुकट दवाखाना चालवणारा. दोघांना एकत्र घेऊन फिरलात तर वाटेत त्यांची जी जुंपते, ती ऐकत मी नुसती गल्ल्यांतून चालायचे. दोघांचंही खरं असतं. आमच्या मेसमध्ये आरक्षणावरून मुलींची लागते तशी, आवाज चढतात पण ताट सोडून कुणी उठत नाही. इथे एक छान सोय आहे. सोबत्यांशी मैत्रीच वाढवावी लागते असं नाही. तुम्ही त्यांच्या विरोधात ठाम राहिलात तर 'रायव्हलरी' वाढते आणि तीही शेवटपर्यंत साथ देते. भांडूनसुद्धा सोबत राहता येतं, हे इतक्या साध्या पट्टीवर दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. अर्थात मी पाहिलंयच किती.

सोलापूरच्या माणसाला आणखी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. आमच्या शहरात 'सेटलमेंट' नावाचा भागच आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, पुढे १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला, आणि इथे तारेच्या कुंपणात पारधी, कैकाडी अशा जमातींची कुटुंबं आणून ठेवली. हजेरी, बाहेर जायला परवाना, बोटांचे ठसे सरकारी नोंदवहीत. दिवसा गिरणीत काम, रात्री कुंपणात. १९५२ साली कायदा गेला, म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन. रक्ताच्या कुपीचा प्रसंग आला तेव्हा मला ठशांची नोंदवहीच दिसली. पण ही तुलना पुरती बसत नाही, आणि ती बसत नाही इथेच मला या गेमचा राग येतो. पारध्याच्या पोरात जन्मतः काहीच धोकादायक नव्हतं. तो डाग कागदावर लावलेला होता. गेममध्ये जादूवाल्याच्या पोरात खरोखरच धोका ठेवलाय. म्हणजे लेखकांनी दडपलेल्या माणसांची सगळी दुःखं उचलली आणि वर दडपणाऱ्याच्या भीतीला पुरावाही पुरवला. ज्याला मेरेडिथची बाजू घ्यायची त्याला हात धुऊन घेता येतात.

आणि पुरावा तरी किती! कर्कवॉलमध्ये रस्त्याच्या कडेला जो जादूवाला भेटेल तो पाच मिनिटांत हात कापून रक्तजादू करायला लागतो. पहिल्या अंकात पळून आलेल्या काही जादूवाल्यांना वाचवायला थ्रॅस्क नावाचा टेम्पलर तुम्हाला पाठवतो. भला माणूस, त्याची मुलगीच जादूवाली होती. गुहेत गेलात तर त्यांचा म्होरक्या बोलायच्या आत रक्तजादू काढतो. त्यांच्यातली ग्रेस वाचते. तिसऱ्या अंकात थ्रॅस्क काही टेम्पलर आणि काही जादूवाले एकत्र आणतो, मेरेडिथविरुद्ध. सगळ्या गेममध्ये दोन्हीकडची माणसं एकत्र आलेली ही एकच जागा. आणि ग्रेस त्यालाच मारते. मधला रस्ता धरलेला माणूस असा पटकन उरकला की लेखकाला पुढचं भांडण लावायला सोपं जातं. आईचं मरण तर विचारूच नका. एक माथेफिरू जादूवाला मेलेल्या बायकोचं शरीर दुसऱ्या बायकांच्या तुकड्यांतून जोडत असतो, बळी पडणाऱ्या बाईच्या घरी आधी पांढरी लिली येते. आपल्या घरी ती फुलं टेबलावर दिसतात तेव्हाच छातीत धस्स होतं. तो प्रसंग फार ताकदीचा आहे, मी रडले. पण त्यानंतर कुठल्या तोंडाने सर्कल बंद करा म्हणायचं?

बांधणीतल्या उणिवा आता भराभर सांगून टाकते. एकच गुहा आहे, तीच दहा वेळा. कधी या दाराने, कधी त्या दाराने, उरलेल्या वाटांवर दगडी फळी बसवलेली. एकच गोदाम, एकच हवेली. सात वर्षांत शहरात एक झाड वाढत नाही, बाजारातला फळवाला त्याच जागी. मारामारीत शत्रू संपले म्हणावं तर गच्चीवरून नवीन टपकतात. मी 'कॅज्युअल' पातळीवर खेळले आणि मला त्याची लाज वाटत नाही. संवाद इंग्रजीत, सबटायटल लावून घ्या, बोली जरा जड आहे. दुसऱ्या खेपेला मी स्वतः जादूवाली झाले आणि टेम्पलरांच्या चौकीसमोर आगीचा लोळ सोडला, शिपाई नाक खाजवत उभा. आधी हसले. मग वाटलं, नाही, हे चुकून बरोबर झालंय. तोवर मी वरच्या वस्तीत राहत होते. भाची होते.

शेवटाकडे येते. पुढचं ज्यांना आधी कळायला नको त्यांनी इथे थांबावं.

अँडर्स तिसऱ्या अंकात तुमच्याकडे मदत मागतो. गटारातून एक क्षार खरवडून आणायचा, खाणीतून एक पिवळा दगड. कशाला, तर औषधाला. मग म्हणतो, धर्मपीठात जाऊन महंतबाईंना थोडा वेळ बोलण्यात गुंतव. एल्थिना त्यांचं नाव. वयस्कर, प्रेमळ, आणि दोन्ही बाजूंना "शांत व्हा" याच्या पलीकडे सात वर्षांत काहीही न सांगणाऱ्या. मेरेडिथला बदलायचा अधिकार एकट्या त्यांच्या हातात होता. मी गेले, बोलले. गंधक आणि सोरा गोळा करून देणारी मी, मला कळायला हवं होतं. दिवाळीचे दिवस होते, खाली गल्लीत पोरं सुतळी बॉम्ब लावत होती! आणि भर चौकात मेरेडिथ आणि सर्कलचा प्रमुख ऑर्सिनो भांडत असताना अँडर्स महंतबाईंसकट ते धर्मपीठ उडवतो. का, तर आता कुणाला तडजोड करता येऊ नये म्हणून.

लगेच मेरेडिथ 'राइट ऑफ ॲनलमेंट' पुकारते, म्हणजे सर्कलमधल्या सगळ्यांना कापून काढायचा हक्क. स्फोट केला त्याने, तो कर्कवॉलच्या सर्कलचा नव्हताच, समोर कबूल होऊन बसलाय, आणि शिक्षा गॅलोजमधल्या लहान पोरांसकट सगळ्यांना. एकीने भिंतीवरून उडी मारली की सगळ्या हॉस्टेलचं आउटिंग बंद, हा हिशोब मला कुणी समजावून द्यायला नको.

पहिल्या खेपेला मी अँडर्सला मारलं आणि मेरेडिथच्या बाजूने उभी राहिले. होय. एकोणीस वर्षांची सवय. बोट आपोआप तिकडे गेलं. गॅलोजमध्ये शिरलो, समोर शरण आलेले, गुडघ्यावर बसलेले. बेथनीला मात्र मी वाचवून घेतलं. गेम तेवढी मुभा देतो. बाकीच्यांच्या बहिणींसाठी कुणी शब्द टाकला नाही.

एवढं सगळं उभं करून शेवटी गेम कच खातो. तुम्ही कुठल्याही बाजूला जा, ऑर्सिनो स्वतःच प्रेतांचा ढीग अंगावर ओढून राक्षस बनतो. आणि मेरेडिथ वेडी होते, कारण तिच्या तलवारीत लाल लिरियम आहे, त्या पहिल्या मोहिमेत सापडलेल्या एका मूर्तीचं. म्हणजे तिचे छापे, तिचे नियम, तिची बहीण, सगळं बाजूला, दोष दगडाचा! मला याचा फार राग आला. शहाणी, सज्जन, दुःखातून आलेली बाईसुद्धा हे सगळं पूर्ण शुद्धीवर करू शकते. तिला वेड लावायची काही गरज नव्हती. यातली भीती ती शुद्धीवर आहे हीच होती, आणि लेखकांनी ती आयत्या वेळी काढून घेतली.

तरीही घ्यावा का? घ्यावा. सेलमध्ये हॉटेलातल्या एका थाळीच्या पैशात मिळतो, जोडप्रकरणांसकटची आवृत्ती घ्या, म्हणजे सेबॅस्टियन हा राजपुत्रही सोबतीला येतो. तो कंटाळवाणा आहे पण शेवटी लागतो. जुन्या लॅपटॉपवर चालतो, पंखा जरा ओरडतो. आधी पहिला भाग खेळला नाही म्हणून काही अडत नाही. २०१४ चा तिसरा भाग मी सुरू केलाय, तिथे दोन्ही बाजूंची समेटाची बैठक सुरुवातीलाच उडवतात. दिसायला कितीतरी देखणा, मोठमोठी मैदानं, पण मी तिथे घोड्यावरून हिंडते आणि मला कर्कवॉलच्या त्याच त्या गुहेची आठवण येते.

दुसरी खेप मे महिन्यात सुरू केली आणि शेवट राहिला तो जूनमध्ये, मुली परत आल्यावर. स्फोट होऊन गेला होता. अँडर्स एका पेटाऱ्यावर पाठ करून बसला होता. तो वळून बघत नाही. मारायचं तर मार, म्हणतो. गेम तिथे घड्याळ लावत नाही, तुम्ही हवा तितका वेळ घ्या. मी हेडफोनचा एक कान नेहमी मोकळा ठेवते, त्यामुळे खालची बेल ऐकू आली. पावणेदहा. वॉचमनमामांनी हाक मारली, "मॅडम, दोघी आल्यात." खाली गेले. फर्स्ट इयरच्या, अक्कलकोटकडच्या, बॅगा घेऊन, भिजलेल्या. एसटी बंद पडली म्हणाल्या. रजिस्टर उघडलं. वेळेच्या रकान्यात ९.४५ लिहिलं, कारणाच्या रकान्यात 'एसटी', आणि पालकांना फोनचा रकाना मोकळा सोडला. एकीने विचारलं, "मॅडम, घरी सांगणार का?" म्हटलं, मेसमध्ये भात आहे का बघा, गार असेल.

वर आले तर अँडर्स तसाच बसलेला. मी त्याला जायला सांगितलं. सेबॅस्टियन भडकला, सैन्य घेऊन परत येईन आणि हे शहर बेचिराख करीन म्हणून ताडताड निघून गेला. म्हटलं, ये.